तांदळाच्या डब्यातलं मेमरी कार्ड

माझ्याकडे आईचा एकही धड फोटो नाही, आणि याचा राग मला आजही येतो. राग कोणावर, हे मात्र बदलत गेलं. आधी नवऱ्यावर होता, मग कॅमेऱ्यावर, मध्ये काही दिवस कोल्हापूरच्या एका दुकानदारावरही होता. शेवटी जिच्यावर यायला हवा होता तिच्यावर आला आणि तिथेच राहिला.

फोटो अजिबातच नाहीत असं नाही. मतदार ओळखपत्रावर एक आहे. त्यात आईला कोणी कोंबडी चोरताना पकडलंय असं वाटतं. दुसरा माझ्या लग्नातला, त्यात ती पाठमोरी उभी राहून कोणाला तरी पानसुपारी देते आहे. तिसऱ्यात तिचा नुसता खांदा आला आहे, आणि तो तिचाच आहे हे मी लुगड्याच्या काठावरून ओळखते. कॅमेरा दिसला की या बाईला नेमकं काम आठवायचं. "माझो कित्याक? माडाचो काढ," म्हणजे माझा कशाला, असं म्हणायची आणि चालू पडायची. आमच्या घराला मागचं दार होतं, गोठा होता, न्हाणी होती, माजघरात भर दुपारी दिवा लावावा लागेल एवढा अंधार होता. लपायला इतक्या जागा असताना तिला कॅमेऱ्यात पकडणं कोणाच्या बापाला जमलं नसतं.

दोन हजार सहा साली नवऱ्याची बदली गुवाहाटीला झाली. आम्ही तेव्हा कोल्हापुरात राहत होतो. मी शाळेत शिकवत होते. मालवण तालुक्यातलं माझं माहेर तिथून एस.टी.ने पाच-सहा तासांवर, तरी वर्षातून तीन वेळा जाणं व्हायचं, तेही जेमतेम. पेपर तपासायचे असायचे, पाहुणे यायचे, घाट बंद असायचा. आता तर पाच तासांचे तीन दिवस होणार होते. बदलीची ऑर्डर हातात पडली त्या दिवशी मी ठरवून टाकलं की जाण्याआधी आईचा एक चांगला फोटो काढायचा, मोठा करून घ्यायचा आणि बरोबर न्यायचा. मग ती काय वाटेल ते करो.

आणि त्याच आठवड्यात भावाचा फोन आला. भाऊ माझ्याहून धाकटा, तेव्हा अजून लग्नाचा होता आणि आईबरोबर घरची शेती बघायचा.

"ताय, कौल झालो. गावपळण ठरली. येतंस मां?"

आमच्या भागातल्या काही गावांत ही रीत आहे. दर तीन-चार वर्षांनी मानकरी देवळात जमून देवाला कौल लावतात, म्हणजे देवाला विचारतात. देवाने होकार दिला की अख्खं गाव तीन दिवस, तीन रात्री वेशीबाहेर जाऊन राहतं. माणसं, गुरं, कुत्री, मांजरं, कोंबड्या, सगळे. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यालाही खाटेसकट उचलून नेतात. तीन दिवस गावात चूल पेटत नाही आणि कोणी पाऊल टाकत नाही. चौथ्या दिवशी पुन्हा कौल लावायचा, आणि देव 'या' म्हणाला की परत यायचं. असं का, याची उत्तरं माणसागणिक वेगळी. आई म्हणायची, गावालाही कधीतरी एकटं बसावंसं वाटत असेल.

फोन ठेवला आणि मी खुर्चीतच सरळ बसले. तीन दिवस घर नाही. म्हणजे मागचं दार नाही, गोठा नाही, माजघर नाही. एका झावळ्यांच्या राहुटीत ही बाई तीन दिवस बसणार. यापेक्षा चांगली संधी देवानेसुद्धा दिली नसती, आणि ही तर त्यानेच दिली होती.

आता कॅमेऱ्याचं सांगते. आमच्याकडे डिजिटल कॅमेरा होता, नवऱ्याचा फार लाडका. त्याच्याबरोबर खोक्यात जे कार्ड आलं होतं ते बोटाच्या नखाएवढं, आणि त्याची कुवतही तेवढीच. मोठी कॉपी काढण्यासारखे फोटो हवे असतील तर त्यात सोळा मावायचे. त्यातल्या नऊ जागांवर नवऱ्याचे साहेब बसले होते. साहेब निवृत्त झाले त्या समारंभाचे फोटो. साहेब शाल घेताना, साहेब नारळ घेताना, साहेब शाल आणि नारळ दोन्ही सांभाळताना. त्यांची सीडी करून आणायची होती, पण त्याला दोन महिन्यांत सवड मिळाली नव्हती. सीडी झाल्याशिवाय साहेबांना हात लावायचा नाही, असा आमच्या घरातला कायदा होता.

म्हणून आम्ही नवीन कार्ड घ्यायला गेलो. दुकानदाराने काचेवर चार कार्डं पत्त्यांसारखी मांडली आणि सगळं नवऱ्याला समजावायला लागला. मी शेजारी उभी होते, चष्मा लावून, पर्स घेऊन. प्रश्न मी विचारायचे, उत्तर नवऱ्याला मिळायचं. माझं म्हणणं होतं की मध्यम आकाराची दोन घ्यावीत. एक बिघडलं, हरवलं, भरलं, तर दुसरं हाताशी. नवरा म्हणाला एकच मोठं, एक जीबीचं. दुकानदाराने त्याचीच री ओढली. "साहेब, सारखं काढ-घाल केलं की खराब होतं. आणि कोकणात निघालाय तर वाळूपासून जपा. एक कण आत गेला की कार्ड गेलं."

किंमत ऐकल्यावर मात्र नवरा काचेपासून दोन पावलं मागे सरकला. मी म्हटलं, "अरे, एका खेपेच्या तिकिटांपेक्षा हे स्वस्त आहे. फोटो जवळ असला की दर सुट्टीत इतक्या लांब धावायला नको." हे त्याला लगेच पटलं. इतक्या पटकन पटलं की मला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं.

आम्ही दोघं कॉलेजात एका वर्गात होतो, त्यामुळे मी नवऱ्याला अरे-तुरे करते. माझ्या माहेरच्या बायकांना याची गंमत वाटते आणि थोडा रागही येतो. त्यातून तो घाटावरचा. गावपळण म्हणजे त्याच्या दृष्टीने एक ट्रिप होती. जमलं तर तारकर्ली, जमलं तर कुणकेश्वर, असं त्याने कागदावर लिहून आणलं होतं. 'आईचा फोटो' असं मी त्या कागदावर सगळ्यांत वर लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

आम्ही आदल्या दिवशी संध्याकाळी पोचलो. सकाळी घरात नुसती धावपळ. मडकी, टोप, गोधड्या, गवताचे भारे, कोंबड्या टोपल्याखाली. नवऱ्याला वाळूची धास्ती. त्याने नवं कार्ड प्लॅस्टिकच्या डबीसकट आईच्या हातात ठेवलं आणि म्हणाला, "आई, हे जरा जपून ठेवा. फार नाजूक आहे. यात पाचशे फोटो मावतात."

आई जावयाशी बोलताना तलाठ्याच्या ऑफिसात बोलावी तशी शुद्ध मराठी बोलायची. "ठेवते. तुम्ही काळजी करू नका," ती म्हणाली.

दुपारच्या आत सगळ्यांनी वेस ओलांडली. ओहोळापलीकडे शेजारच्या गावाच्या कापणी झालेल्या शेतात चाळीसेक राहुट्या उभ्या राहिल्या होत्या, बांबू आणि विणलेल्या झावळ्यांच्या. आमच्यातल्या कोणाच्याही घराला कुलूप नव्हतं, नुसत्या कड्या घातलेल्या. आणि माझी आई, जी घरात बसलेली मी फक्त जेवताना आणि देवापुढे बघितली होती, ती राहुटीच्या तोंडाशी पाय लांब करून बसली होती. झाडायला अंगण नाही, सारवायला जमीन नाही, शेण काढायला गोठा नाही. शेजारच्या काकीशी ती कशावर तरी हसत होती, आणि मला वाटलं हीच वेळ.

"ते नवीन कार्ड घाल," मी नवऱ्याला म्हटलं.

नवरा आईकडे गेला. "आई, ते कार्ड द्या ना."

"ते घरात आहे," आई म्हणाली. "तांदळाच्या डब्यात."

आम्ही दोघंही तिच्याकडे बघत राहिलो. तिला वाटलं आम्हाला जागा नीट कळली नाही, म्हणून तिने सविस्तर सांगितलं. मोठा डबा, त्यात खालच्या अंगाला तिची माळ आणि पासबुक असतं, त्या पिशवीत. "तुम्ही जपून ठेवा म्हणालात. गावपळणीत घरासारखी बरी जागा नाय. हयसर शंभर लोक फिरतत. थंय कोण जाता?"

तिचं काही चुकलं नव्हतं, आणि त्यामुळे मला जास्तच राग आला. आमच्या गावात त्या तीन दिवसांत चोरसुद्धा शिरत नाही. प्रत्येक घरातली मोलाची चीज घरातच राहते, आणि बाहेर नेतात ती फुटकी भांडी. जगात दुसऱ्या कुठल्याही गावातल्या माणसाने ट्रिपचं मेमरी कार्ड ट्रिपला निघताना घरी सुरक्षित ठेवलं नसतं. पण आमच्यात हेच शहाणपण.

नवरा म्हणाला, "एवढंच ना? मी जाऊन घेऊन येतो. दहा मिनिटांचं काम."

तो साधं बोलला, पण आसपासच्या चार राहुट्यांतलं बोलणं थांबलं. काकीच्या हातातलं वारा घालायचं सूप थांबलं. भाऊ हळू आवाजात म्हणाला, "भावोजी, असां बोलू नकात." कोणी ओरडलं नाही, कोणी समजावलं नाही. नवरा कानापर्यंत लाल झाला आणि खाली बसला. ओहोळापलीकडे आमच्या घराची कौलं दिसत होती. आमचं कार्ड तिथे होतं आणि आम्ही इथे होतो, आणि पुढचे तीन दिवस त्यात काही फरक पडणार नव्हता.

म्हणजे हातात उरल्या सात जागा. नऊ साहेबांच्या आणि सात आमच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावाने मोटरसायकलवर नवऱ्याला तोंडवलीचा किनारा दाखवायला नेलं. मी म्हटलं, कॅमेरा इथेच ठेव. तो हो म्हणाला आणि घेऊन गेला. जेवायच्या वेळेला परत आला तेव्हा एक जागा उरली होती. बाकीच्या सहांत समुद्र, पुन्हा समुद्र, सुरूची झाडं, एक खेकडा, वाळूवर ओढून ठेवलेली होडी, आणि गॉगल लावलेला तो स्वतः. हा शेवटचा भावाने काढलेला, त्यात क्षितिज असं तिरकं की समुद्र सांडतोय असं वाटावं.

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. शाळेत मुलांसमोर मी कधी तसं बोललेले नाही. समुद्र काय पळून जाणार होता? त्याला कोणाच्या बदलीशी काय देणंघेणं होतं? साहेबांचे पुसून टाक म्हटलं, तर म्हणाला सीडी झालेली नाही. फोटोचा आकार लहान कर म्हटलं, तर म्हणाला मग मोठी कॉपी निघणार नाही, तुलाच मोठी हवी आहे. शेवटी बऱ्याच घासाघिशीनंतर दोन समुद्र आणि सुरूची झाडं गेली. खेकडा, होडी आणि गॉगल यांना तो सोडायला तयार नव्हता. मला चार जागा मिळाल्या. एका माणसाच्या आईसाठी चार जागा, आणि निवृत्त साहेबांसाठी नऊ.

त्याच दुपारी मी आईला बदलीचं सांगितलं. तोवर सांगायचं टाळत होते. ती तीन दगडांच्या चुलीवर कुळथाची पिठी ढवळत होती.

"आये, आमची बदली झाली."

"खंय?"

"गुवाहाटीक. आसामात."

"लांब?"

"तीन दिस लागतत गाडयेन."

ती ढवळत राहिली. मग म्हणाली, "थंय मासे गावतत?"

"गावतत. नदीचे."

"नदीचे," ती म्हणाली, आणि त्या एका शब्दात आसामच्या सगळ्या नद्यांची कीव केली.

मला वाटलं, फोटो तिथल्या भिंतीवर लावीन असं सांगून तिला धीर द्यावा. म्हणून मी म्हणाले, "म्हणान तुझो एक बरो फोटो होयो माका. थंय भितीर लावतलंय. रोज बघतलंय. मगे लांब आसलंय तरी काय वाटाचां नाय."

आईने मान हलवली. पिठी उतरवली, पदराने तोंड पुसलं आणि राहुटीच्या तोंडाशी येऊन बसली. "काढ," म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा. मला संशय यायला हवा होता, पण माझा आनंद इतका मोठा होता की संशयाला जागाच नव्हती.

पहिल्या फोटोत ती ओळखपत्रातलीच बाई. दुसऱ्यात डोळे मिटलेले. तिसऱ्याच्या वेळी काकीची कोंबडी आमच्या राहुटीत शिरली आणि नवऱ्याने घडी करून ठेवलेल्या पॅण्टवर जाऊन ऐसपैस बसली. नवरा 'हुश हुश' करत तिच्यासमोर हात जोडल्यासारखा उभा राहिला आणि आई हसली. तोंड उघडं टाकून, एक दात पडलेला तो लपवायचं विसरून, थेट माझ्याकडे बघत हसली. मी बटण दाबलं. छोट्याशा पडद्यावर तो फोटो आला आणि मला रडूच फुटलं. असं हसताना मी तिला लहानपणी बघितलं असेल, पण मला ते आठवत नव्हतं. आता आठवायची गरज उरली नव्हती.

आईने कॅमेरा हातात घेऊन बराच वेळ बघितलं. "मी अशी दिसतंय?"

"अशीच."

"बरी दिसतंय मगे," ती म्हणाली. आणि जावयाकडे वळून तिने विचारलं की मागचे फोटो कसे बघायचे.

बारा वर्षांच्या संसारात माझ्या माहेरी कोणी नवऱ्याच्या कॅमेऱ्याची चौकशी केली नव्हती. तो मांडी घालून सासूसमोर बसला. हा बाण दाबला की पुढचा, हा दाबला की मागचा. आणि हे कचऱ्याच्या डब्याचं चित्र, हे दाबलं आणि मग हे दाबलं की फोटो पुसला जातो. आईने साहेब बघितले, नारळ बघितला, खेकडा बघितला. "हो पुसलो की परत येणा नाय?" तिने विचारलं. कधीच नाही, असं नवऱ्याने अभिमानाने सांगितलं. त्याचा सासूला शिकवण्याचा उत्साह बघून मला तेव्हा बरं वाटलं होतं. आता वाटत नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी मला तो फोटो पुन्हा बघावासा वाटला. बाण दाबत गेले. साहेब, साहेब, साहेब, खेकडा, होडी, गॉगल. मग पुन्हा साहेब. मी तीनदा फिरवलं. आईचे तिन्ही गेले होते.

मी नवऱ्याला राहुटीबाहेर बोलावलं नाही, आतच सुरुवात केली, पण झावळ्यांच्या भिंती कसल्या. सगळ्या वस्तीने ऐकलं.

"मी नाही पुसले," तो म्हणाला.

"मग काय साहेबांनी पुसले?"

"मी शपथ घेऊन सांगतो."

"तुझा खेकडा जिवंत आहे. तुझी होडी आहे. माझीच आई कशी गेली?"

तो म्हणाला, चुकून बटण दाबलं गेलं असेल. मी म्हटलं, चुकून एक दाबलं जातं, तीन नाही. आसामात जाऊन साहेबांचा फोटो भिंतीवर लाव आणि त्यालाच रोज नमस्कार कर, असंही म्हणाले. शेजारच्या बायका तोंडाला पदर लावून मजा घेत होत्या. आई समोर बसून लाल भाजी निवडत होती. नवरा कॅमेरा तिथेच ठेवून ओहोळाकाठी जाऊन बसला आणि संध्याकाळपर्यंत परत आला नाही.

मी आईला म्हटलं, परत बस, काढते. ती म्हणाली, भाजी होऊ दे. भाजी झाल्यावर म्हणाली, काकीक बरां नाय, बघून येतंय. नंतर ती अमकीच्या राहुटीत होती, मग तमकीच्या. घर नव्हतं हे खरं, पण चाळीस राहुट्या होत्या. माझा सगळा हिशेब एका घराचा होता.

चौथ्या दिवशी सकाळी कौल झाला. देवाने बोलावलं. आधी गुरं निघाली, मग माणसं. घराच्या अंगणात तीन दिवसांची पानं पडली होती आणि त्यावर एकही पाऊल उमटलं नव्हतं. आईने कडी काढली, देवापुढे दिवा लावला आणि कोणी सांगायच्या आधी तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून ती पिशवी काढली. कार्ड जसंच्या तसं. वाळूचा एक कण लागलेला नव्हता. मी ते स्वतः कॅमेऱ्यात घातलं. पडद्यावर कोपऱ्यात आकडा आला, पाचशेच्या पुढचा.

आमची एस.टी. दुपारी होती. नवऱ्याशी मी आदल्या दिवसापासून बोलले नव्हते. तो अंगणात बॅगा बांधत होता आणि भाऊ त्याला मुकाट्याने मदत करत होता. मी आईला ओटीवर नेलं. "आता बस. आणि हलू नको. त्या माणसान माझे फोटो पुसल्यान, माका तेचां तोंड बघूचां नाय. पण तुझो फोटो घेतल्याशिवाय मी हयसून हलूचंय नाय."

आई बसली. हात मांडीवर ठेवले. मी कॅमेरा डोळ्याजवळ नेला तेव्हा ती म्हणाली, "तेका बोलू नको. तेचो काय दोष नाय. मीच पुसलंय."

मला आधी कळलंच नाही. मी कॅमेरा खाली घेतला.

"कित्याक?"

ती अंगणाकडे बघत म्हणाली, "भितीर लावतलंय म्हणालंस. रोज बघतलंय म्हणालंस. काय वाटाचां नाय म्हणालंस." मग माझ्याकडे वळली. "थंय बसान माका रोज बघूक लागलंस, तर तीन दिस गाडयेत बसान हय येतलंस कित्याक?"

मी तिच्याशी भांडले. आवाज चढवून भांडले. तू मला काय समजतेस, म्हटलं. मी काय अशी मुलगी आहे का, फोटो मिळाला की आईला विसरणारी? काल मी नवऱ्याला साऱ्या गावासमोर वाटेल ते बोलले, आणि तू भाजी निवडत ऐकत राहिलीस? माझ्या एका फोटोची तुला एवढी भीती? बोलता बोलता मला घाम फुटला, कारण माझ्या एकेका वाक्यावर तिच्या चेहऱ्यावर काही उमटत नव्हतं. मी कशी मुलगी आहे हे तिला माहीत होतं. पाच तासांच्या रस्त्यावर मी वर्षातून किती वेळा येत होते, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. दर खेपेला तीच एस.टी.च्या थांब्यावर उभी असायची.

मग ती म्हणाली, "काढूचो आसात तर काढ. मी बसलंय."

ती खरंच बसली होती. उजेड चांगला होता. कार्डात पाचशे जागा होत्या आणि सगळ्या रिकाम्या. मी कॅमेरा पिशवीत टाकला आणि चेन ओढली. इतका संताप मला आयुष्यात कधी आला नव्हता, आणि तो काढायला जागाही नव्हती.

बसमध्ये मी नवऱ्याची माफी मागितली. त्याने खरं काय ते ऐकलं. मग म्हणाला की साहेबांचे पुसून टाकतो. मी म्हटलं, आता राहू देत.

संक्रांतीनंतर आम्ही गुवाहाटीला गेलो. घराच्या भिंती पांढऱ्या होत्या आणि समोरच्या भिंतीवर आधीच्या भाडेकरूचा एक खिळा होता. मी त्यावर काही लावलं नाही. मार्चमध्ये नवरा न विचारता स्टेशनवर जाऊन माझं तिकीट काढून आला. मे महिन्यात तीन दिवस गाडीत बसून, पुन्हा एस.टी.त बसून, अंगभर धूळ घेऊन मी आमच्या अंगणात उभी राहिले. आई काजूच्या बिया वाळत घालत होती. तिने वर बघितलं.

"कॅमेरो हाडलंस?"

"नाय," मी म्हणाले. तो मी आणलाच नव्हता, राग अजून होताच.

"मगे बस," ती म्हणाली, आणि बिया सरकवून तिने माझ्यासाठी जागा केली.